निकॉन एफ-माउंटचे फिल्म कॅमेरे

निकॉन एफ-माउंटचे फिल्म कॅमेरे ही ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणाऱ्या, भिंग बदलता येणाऱ्या एकभिंगी प्रतिक्षेपी म्हणजेच एसएलआर कॅमेऱ्यांची जपानी मालिका आहे. इ.स. १९५९ मध्ये निकॉन एफ या कॅमेऱ्याने तिचा आरंभ झाला आणि इ.स. २०२० मध्ये निकॉन एफ६ ची विक्री थांबल्यावर ती समाप्त झाली. या साठ वर्षांत कॅमेऱ्याची अंतर्रचना पूर्णपणे बदलली. परंतु भिंग ज्या कड्यात बसते ते ४४ मिलिमीटर व्यासाचे कडे, म्हणजे एफ-माउंट, मूलतः तेच राहिले. त्यामुळे एकच भिंग आणि एकच फिल्म वेगवेगळ्या काळातील बॉडींवर वापरून पाहता येते. जुनी बॉडी सोडून नवी घेतल्याने छायाचित्रात खरोखर काय फरक पडतो, हा फिल्म छायाचित्रणातील नेहमीचा प्रश्न आहे आणि त्याचा अभ्यास करण्यासाठी ही मालिका विशेष सोयीची ठरते.

बॉडीचे कार्य

कॅमेऱ्यातून भिंग आणि फिल्म वगळली असता जो भाग उरतो त्यास बॉडी म्हणतात. फिल्म पूर्ण अंधारात व सपाट धरून ठेवणे, ठरावीक काळापुरतेच तिच्यावर प्रकाश पडू देणे, आणि एक चित्र घेतल्यावर पुढील कोरा भाग समोर आणणे ही बॉडीची मूळ कार्ये होत. यांपैकी प्रकाश पडू देण्याचे काम शटर करते. एसएलआर कॅमेऱ्यात यांच्या जोडीला आरसा आणि पंचकोनी लोलक असतो. भिंगातून आलेले दृश्य आरशावरून वर परावर्तित होऊन लोलकावाटे डोळ्यापर्यंत पोहोचते. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश फिल्मवर पडतो.

प्रकाशमापक, स्वयंचलित केंद्रीकरण, मोटार आणि स्मृती ही साधने कालांतराने बॉडीत आली. ती छायाचित्रकाराच्या कामात साहाय्य करतात. प्रतिमा मात्र भिंग आणि फिल्म यांच्याकडूनच घडते.

इतिहास

निकॉन एफ हा कॅमेरा निप्पॉन कोगाकू या कंपनीने बाजारात आणला. याच कंपनीचे नाव इ.स. १९८८ मध्ये निकॉन कॉर्पोरेशन असे झाले. एफ हा संपूर्ण यांत्रिक कॅमेरा होता. त्याचा व्ह्यूफाइंडर, आतील काच आणि मागील झाकण काढून दुसरे लावता येत असे. मूळ बॉडीत प्रकाशमापक नव्हता. फोटोमिक नावाचा प्रकाशमापक असलेला व्ह्यूफाइंडर इ.स. १९६२ पासून मिळू लागला. व्हिएतनाम युद्धाचे वार्तांकन करणाऱ्या वृत्तछायाचित्रकारांनी हा कॅमेरा मोठ्या प्रमाणावर वापरला. त्याचे सुधारित रूप इ.स. १९७१ मध्ये अपोलो १५ या चांद्रमोहिमेवर नेण्यात आले होते.

त्याच वर्षी आलेल्या एफ२ मध्ये शटरचा कमाल वेग दुप्पट झाला आणि फिल्म भरण्यासाठी पूर्ण निघणाऱ्या झाकणाऐवजी बिजागरीचे झाकण बसवण्यात आले. इ.स. १९८० मधील एफ३ मध्ये विजेवर चालणारे शटर आले. छायाचित्रकाराने भिंगाचे छिद्र ठरवावे आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने निवडावा, अशी सोय त्यात झाली. त्याचे बाह्यरूप इटालियन अभिकल्पक जोर्जेत्तो जुजारो यांनी केले होते. इ.स. १९८८ मधील एफ४ या व्यावसायिक बॉडीत स्वयंचलित केंद्रीकरण आणि अंगची मोटार होती. इ.स. १९९६ मधील एफ५ मध्ये रंग ओळखणारा १,००५ बिंदूंचा प्रकाशमापक आणि सेकंदाला आठ चित्रांपर्यंतचा वेग आला. इ.स. २००४ मधील एफ६ मध्ये केंद्रीकरणाचे अकरा बिंदू होते.

या मालिकेच्या समांतर लहान व हलक्या बॉडीही निघत होत्या. इ.स. १९८२ मधील एफएम२ आणि इ.स. २००१ मधील एफएम३ए या त्यांतील विशेष उल्लेखनीय होत.

| बॉडी | वर्ष | शटरचा कमाल वेग (सेकंद) | फ्लॅशसाठी कमाल वेग (सेकंद) | विजेची गरज |
|---|---|---|---|---|
| एफ | १९५९ | १/१००० | १/६० | शटरसाठी नाही |
| एफ२ | १९७१ | १/२००० | १/८० | शटरसाठी नाही |
| एफ३ | १९८० | १/२००० | १/८० | दोन बटण सेल |
| एफएम२ | १९८२ | १/४००० | १/२००, नंतर १/२५० | केवळ प्रकाशमापकासाठी |
| एफ४ | १९८८ | १/८००० | १/२५० | चार किंवा सहा पेन्सिल सेल |
| एफ५ | १९९६ | १/८००० | १/२५० | आठ पेन्सिल सेल |
| एफएम३ए | २००१ | १/४००० | १/२५० | सेल नसतानाही यांत्रिक वेग चालू |
| एफ६ | २००४ | १/८००० | १/२५० | दोन लिथियम सेल |

नवी बॉडी आली म्हणून जुनी लगेच बंद झाली, असे मात्र घडले नाही. एफ४ चे उत्पादन थांबल्यानंतरही एफ३ विक्रीत होता. एफ५ सारखा प्रगत कॅमेरा उपलब्ध असताना कंपनीने एफएम३ए ही हाताने फिल्म सरकवण्याची व हाताने केंद्रीकरण करण्याची बॉडी नव्याने आणली. यावरून, ‘नवे’ आणि ‘अधिक उपयुक्त’ हे दोन शब्द त्या काळातील ग्राहकांच्या दृष्टीनेही समानार्थी नव्हते, हे स्पष्ट होते. इ.स. २००६ मध्ये कंपनीने बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर एफ६ आणि एफएम१० हे दोनच उरले.

चित्राच्या दर्जाशी संबंध

डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा संवेदक बॉडीतच कायमचा बसवलेला असतो. त्यामुळे बॉडी बदलली की संवेदकही बदलतो, आणि चित्राचा दर्जा प्रत्यक्ष बदलू शकतो. फिल्म कॅमेऱ्यात ही गोष्ट उलट आहे. येथे प्रकाश टिपण्याचे काम फिल्म करते आणि ती प्रत्येक रोलबरोबर नवीच असते. कोडॅक कंपनीने एक्टाक्रोम ई१०० ही स्लाइड फिल्म इ.स. २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. ती इ.स. १९५९ च्या निकॉन एफ मध्ये घातली किंवा इ.स. २००४ च्या एफ६ मध्ये घातली, तरी तिचे कण, रंग आणि तपशील टिपण्याची क्षमता तीच राहते.

म्हणून भिंग, छिद्र, शटरचा वेग, केंद्रीकरण आणि कॅमेऱ्याची स्थिरता समान ठेवल्यास, दोन सुस्थितीतील बॉडींमधून निघालेल्या निगेटिव्ह एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे जवळजवळ अशक्य असते. फरक पडतो तो या अटी पाळता येतात की नाही, यात. नवी बॉडी चित्र ‘चांगले’ करत नाही; अवघड परिस्थितीत अचूक चित्र मिळण्याची शक्यता ती वाढवते. हा भेद लक्षात न घेतल्याने, आपली चित्रे धूसर किंवा निस्तेज येतात म्हणून बॉडी बदलली जाते. आणि दोष मुळात हात हलण्यात, जुन्या भिंगातील बुरशीत, मुदत संपलेल्या फिल्ममध्ये किंवा निकृष्ट स्कॅनिंगमध्ये असल्याने नव्या बॉडीतूनही तशीच चित्रे निघतात.

नव्या बॉडीने पडणारा फरक

प्रकाशमापन: फिल्मवर पडणाऱ्या एकूण प्रकाशास उद्भासन म्हणतात आणि त्यातील दुप्पट किंवा निम्म्या फरकास एक स्टॉप म्हणतात. रंगीत निगेटिव्ह फिल्म दोन-तीन स्टॉप जास्त प्रकाश सहज सहन करते. स्लाइड फिल्मवर अर्ध्या स्टॉपची चूकही डोळ्यांना जाणवते. त्यामुळे स्लाइड वापरणाऱ्यास अचूक व अनेक विभागांत मोजणाऱ्या प्रकाशमापकाचा प्रत्यक्ष लाभ होतो. निगेटिव्ह वापरणाऱ्यास तो तुलनेने कमी होतो. चित्राच्या मध्यभागास अधिक महत्त्व देऊन मोजणारा एफ३ किंवा एफएम२ चा मापक, पाठीमागून येणारा प्रकाश ओळखून दुरुस्ती करण्याची सवय असलेल्या छायाचित्रकारास पुरेसा ठरतो.

शटरचा वेग: स्वच्छ उन्हात आयएसओ १०० फिल्मसाठी एफ/१६ हे छिद्र आणि १/१२५ सेकंद हा वेग साधारणपणे योग्य असतो. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी छिद्र एफ/२ पर्यंत उघडायचे झाल्यास प्रकाश सहा स्टॉपनी वाढतो आणि तो आवरण्यासाठी १/८००० सेकंदाचा वेग लागतो. हा वेग एफ४, एफ५ आणि एफ६ यांत मिळतो. एफएम२ च्या १/४००० सेकंदावर एफ/२.८ पर्यंत, तर मूळ एफ च्या १/१००० सेकंदावर एफ/५.६ पर्यंतच जाता येते. तथापि तीन स्टॉप प्रकाश अडवणारा करडा फिल्टर भिंगावर लावल्यास एफ या बॉडीवरही हेच साध्य होते, आणि फिल्टरची किंमत बॉडीच्या किमतीच्या मानाने अल्प असते.

फ्लॅश: उन्हात चेहऱ्यावरील सावली घालवण्यासाठी फ्लॅश वापरताना मात्र बॉडीचा फरक मोठा ठरतो. आयएसओ १०० ला मीटरमध्ये ३६ इतका मार्गदर्शक अंक असलेला फ्लॅश घेतला, तर १/६० सेकंदावर एफ/२२ हे छिद्र ठेवावे लागते आणि फ्लॅशचा पल्ला सुमारे १.६ मीटर एवढाच राहतो. १/२५० सेकंद चालणाऱ्या बॉडीवर एफ/११ पुरते आणि पल्ला सुमारे ३.३ मीटर होतो. विवाहसमारंभाचे बाहेर चित्रण करणाऱ्यास हा फरक पदोपदी जाणवतो. निसर्गचित्रे घेणाऱ्यास त्याचे कारणच पडत नाही.

केंद्रीकरण: खेळ, पक्षी आणि धावती मुले टिपण्यासाठी एफ५ किंवा एफ६ चे स्वयंचलित केंद्रीकरण हाताने करण्यापेक्षा निश्चितच सरस आहे. दृष्टी मंदावलेल्या व्यक्तींनाही याचा आधार होतो. एफ४ सारख्या बॉडीवर हाताने फिरवण्याचे भिंग लावले असता, केंद्रीकरण योग्य झाल्याची खूण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. चष्मा लावणाऱ्यांसाठी एफ३ चा एचपी हा व्ह्यूफाइंडर उपयुक्त आहे. डोळा काहीसा दूर ठेवूनही त्यात पूर्ण चौकट दिसते. स्थिर विषयांसाठी, विशेषतः रुंद कोनाच्या भिंगाने काम करताना, स्वयंचलित केंद्रीकरणाचा लाभ मर्यादित असतो.

फिल्म सरकवण्याचा वेग: सेकंदाला आठ चित्रे या वेगाने ३६ चित्रांचा रोल साडेचार सेकंदांत संपतो. वृत्तपत्राच्या खर्चाने काम करणाऱ्या क्रीडा-छायाचित्रकारासाठी हे साधन योग्य होते. स्वतःच्या पैशाने फिल्म विकत घेणाऱ्यास ते क्वचितच परवडते.

वजन: सेलविरहित एफएम२ चे वजन सुमारे ५४० ग्रॅम, एफ६ चे सुमारे ९७५ ग्रॅम आणि एफ५ चे सुमारे १,२१० ग्रॅम आहे. गडकिल्ल्यांच्या पायवाटेवर दिवसभर गळ्यात कॅमेरा बाळगणाऱ्यास ही वाढ वरील कोणत्याही सोयीइतकीच विचारात घ्यावी लागते.

भिंगांची सुसंगती

एफ-माउंटचे कडे तेच असले तरी भिंग आणि बॉडी यांतील संदेशवहन बदलत गेले आहे. इ.स. १९७७ मध्ये एआय पद्धत आली. तिच्यामुळे भिंगाचे कमाल छिद्र बॉडीला आपोआप कळू लागले. तत्पूर्वीचे अपरिवर्तित भिंग काही नंतरच्या बॉडींवर जोराने बसवल्यास बॉडीच्या कडेवरील नाजूक तरफ मोडू शकते.

नवी बॉडी जुन्या भिंगांना नेहमीच अधिक अनुकूल असते, हा समज चुकीचा आहे. हाताने वापरण्याच्या एआय भिंगांवर एफ४ सर्व प्रकारचे प्रकाशमापन करतो, पण इ.स. २००० मध्ये आलेल्या एफ८० या बॉडीवर त्याच भिंगांसह प्रकाशमापक चालतच नाही. उलटपक्षी, छिद्राचे कडे नसलेली नंतरची जी प्रकारची भिंगे मूळ एफ किंवा एफ३ वर लावली, तर छिद्र सर्वांत लहान स्थितीतच राहते. विद्युत्-चुंबकीय छिद्र असलेली ई प्रकारची भिंगे तर एफ६ वरही पूर्णपणे चालत नाहीत. म्हणून बॉडी निवडताना हाताशी असलेल्या भिंगांची यादी प्रथम करणे आवश्यक असते.

अन्य कंपन्यांच्या बाबतीत बॉडी बदलण्याचा प्रश्न याहून महागडा ठरला. कॅननने इ.स. १९८७ मध्ये ईओएस मालिका आणताना जुने एफडी माउंट सोडून ईएफ हे नवे माउंट स्वीकारले. त्यामुळे एफडी भिंगांचा संच बाळगणाऱ्यास नव्या बॉडीबरोबर सारी भिंगेही नव्याने घ्यावी लागली. मिनोल्टाने इ.स. १९८५ मध्ये ७००० हा स्वयंचलित केंद्रीकरणाचा कॅमेरा आणताना असेच केले. याउलट लायका कंपनीचे एम-माउंट इ.स. १९५४ च्या एम३ पासून कायम आहे.

वीज, दुरुस्ती आणि आयुष्य

फिल्म कॅमेऱ्याच्या बाबतीत ‘नवा’ हा शब्द सापेक्ष आहे. एफ५ इ.स. १९९६ मध्ये आलेला, आणि एफ६ चीही विक्री थांबलेली. म्हणजे आज नवी म्हणून घेतली जाणारी बॉडी बहुधा वापरलेलीच असते, आणि तिची किंमत तिच्या वयाइतकीच तिच्या स्थितीवरही ठरते.

यांत्रिक बॉडीत वंगण सुकते, स्प्रिंग सैल होतात आणि १/१००० सेकंद लिहिलेला वेग प्रत्यक्षात मंद होतो. झाकणाच्या कडेचा फोम कुजून प्रकाश आत शिरतो. हे दोष कुशल कारागीर सफाई, वंगण व जुळवणी करून दूर करू शकतो; आवश्यक असल्यास लहानसा भाग घडवताही येतो. इलेक्ट्रॉनिक बॉडीचे वेग तुलनेने अचूक राहतात. परंतु तिचे सर्किट बिघडले आणि सुटे भाग संपलेले असले, तर दुरुस्ती बहुधा त्याच जातीच्या दुसऱ्या बॉडीचा भाग काढूनच होते. प्रगत बॉडी घेताना सोयीबरोबर ही जोखीमही विकत घेतली जाते.

विजेचा प्रश्नही वयानुसार बदलतो. जुन्या अनेक प्रकाशमापकांची रचना १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी होती. पाऱ्याचे सेल पर्यावरणाच्या कारणास्तव बंद झाले. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातल्यास अनेक मापक चुकीचे आकडे दाखवतात. एफएम२ मधील सेल संपला तरी केवळ प्रकाशमापक थांबतो. एफ३ मध्ये १/६० सेकंदाचा एक यांत्रिक वेग आणीबाणीसाठी ठेवलेला आहे. एफ५ व एफ६ मात्र विजेविना चालत नाहीत.

कोकण, गोवा आणि मुंबई यांसारख्या दमट हवेच्या प्रदेशांत पावसाळ्यात भिंगावर व व्ह्यूफाइंडरच्या काचांवर बुरशी धरते. तेथे बॉडी जुनी की नवी याहून ती कोठे व कशी ठेवली जाते, याला अधिक महत्त्व आहे. हवाबंद डब्यात आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे आणि कॅमेरा नियमित वापरात ठेवणे हे यावरील साधे उपाय होत.

खर्चाचा विचार

फिल्म छायाचित्रणात बॉडी एकदा विकत घ्यावी लागते. फिल्म, रासायनिक प्रक्रिया आणि स्कॅनिंग यांचा खर्च मात्र प्रत्येक चित्रागणिक होतो. नव्या बॉडीची किंमत एका रोलच्या एकूण खर्चाने भागली असता, तितक्या रकमेत किती रोल काढता आले असते हे कळते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा भागाकार महत्त्वाचा आहे, कारण कौशल्य घेतलेल्या चित्रांच्या संख्येने आणि त्यांच्या चिकित्सेने वाढते. एफ६ आपल्या स्मृतीत प्रत्येक चित्राचा वेग व छिद्र नोंदवतो आणि ती माहिती दोन चित्रांमधील जागेत छापूही शकतो. हीच नोंद खिशातील वहीत पेन्सिलीने करता येते; आणि लिहिताना आपण काय केले याचा विचार होतो, हा तिचा अधिक लाभ होय.

त्याच रकमेचे अन्य पर्याय म्हणजे चांगले भिंग, हाताशी असलेल्या बॉडीची संपूर्ण सफाई व जुळवणी, हातात धरण्याचा स्वतंत्र प्रकाशमापक किंवा मजबूत तिपाई. चित्राच्या स्पष्टतेवर यांचा परिणाम बॉडी बदलण्यापेक्षा बहुधा अधिक असतो.

निवडीचे निकष

बॉडी बदलण्याचा निर्णय पुढील बाबींवर अवलंबून असतो:

* सध्याच्या बॉडीमुळे हुकलेले चित्र नेमके सांगता येते का. ‘केंद्रीकरण होईपर्यंत पक्षी उडाला’ किंवा ‘उन्हात फ्लॅशचा पल्ला अपुरा पडला’ हे सबळ कारण होय. ‘चित्रे हवी तशी येत नाहीत’ हे कारण बॉडीकडे निर्देश करत नाही.
* हुकलेले चित्र फिल्टर, तिपाई, अधिक संवेदनशील फिल्म किंवा सराव यांनी मिळाले असते का.
* असलेली भिंगे नव्या बॉडीवर प्रकाशमापनासह चालतात का.
* बिघाड झाल्यास दुरुस्ती करणारा कारागीर व सुटे भाग उपलब्ध आहेत का.
* फिल्म स्लाइड आहे की निगेटिव्ह.
* बॉडीचे वजन रोज वाहून नेणे शक्य आहे का.

वेगवान विषय, उन्हातील फ्लॅश, स्लाइड फिल्म आणि मंद दृष्टी या चार बाबतींत नव्या बॉडीचा लाभ स्पष्ट आहे. स्थिर विषय, निगेटिव्ह फिल्म आणि शिक्षणाचा काळ या बाबतींत सुस्थितीतील जुनी यांत्रिक बॉडी पुरेशी असते. जुनी बॉडी विकण्यापूर्वी तिच्यात आणि नव्या बॉडीत एकाच जातीची फिल्म घालून, एकाच भिंगाने, तिपाईवरून तीच दृश्ये टिपावीत आणि दोन्ही रोल एकाच ठिकाणी धुऊन घ्यावेत. अशा तुलनेत दिसणारा अथवा न दिसणारा फरक हाच त्या छायाचित्रकारापुरता निर्णायक पुरावा असतो.